पणजीचं खातं सुटलं, आक्काला टेबल मिळालं

ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीनं प्रश्न विचारला आहे. तो आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्याला सोपं जाईल. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला तिनं 'युद्धकाळ आणि स्त्रियांचं काम' असा विषय घेतला आहे. पुस्तकांत तिनं वाचलं की दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि बायका कारखान्यांत शिरल्या. पण तिच्या घरात दोन वेगळ्याच गोष्टी सांगतात. आईकडची पणजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यात होती. गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या त्या १९४३ सालातच तिचं काम सुटलं आणि 'ती घरी बसली'. वडिलांकडे आजोबांची थोरली बहीण, जिला घरात सगळे आक्का म्हणत, नौपाड्यात राहायची. मॅट्रिक झालेली. तिला त्याच वर्षी मुंबईच्या रेशनिंग ऑफिसात नोकरी लागली आणि ती सरकारी पेन्शन घेऊनच थांबली. 'एकाच युद्धानं एकीला काम दिलं आणि एकीचं काढून घेतलं. मग मी निष्कर्ष काय लिहू? आणि पणजीची गोष्ट इतिहासात बसतच नाही का?' असा तिचा प्रश्न आहे.

आधी मी हे कुठल्या अनुभवावरून बोलते ते सांगते. मी ठाण्यातच राहते. १९८४ पासून एकतीस वर्षं कामगार कल्याण अधिकारी म्हणून काम केलं, आधी वागळे इस्टेटमध्ये आणि नंतर ठाणे-बेलापूर रस्त्यावर. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात तेव्हा कायद्यानंच असा अधिकारी ठेवावा लागे. भरती, पाळ्या, पाळणाघर, बाळंतपणाची रजा, कँटीन, भांडणं, सगळं या टेबलावरून जातं. निवृत्त झाल्यापासून जुन्या कामगार बायकांशी बोलून त्यांच्या आठवणी वहीत उतरवते. म्हणजे मी इतिहासाची प्राध्यापक नाही. पण बाईला कामावर का घेतात आणि का काढतात, हे मी टेबलाच्या या बाजूनं बघितलं आहे.

आता तुमच्या अडचणीकडे. मला वाटतं तुमचा निष्कर्ष अडलेला नाही, वाक्यातला कर्ता अडला आहे. 'युद्धानं बायकांना काम दिलं' या वाक्यात युद्ध कर्ता होऊन बसलं आहे. युद्ध कोणाला मस्टरवर घेत नाही. घेतो तो मालक, नाहीतर सरकार. कर्ता बदलून पाहा: कोणी घेतलं, कोणत्या अडचणीत घेतलं, कोणाच्या जागी, किती पगारावर आणि किती दिवसांसाठी? एवढं विचारलंत की पणजी आणि आक्का एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहत नाहीत.

पहिली अडचण माणसांची. ब्रिटनमध्ये माणसंच उरली नव्हती. पुरुषांना सक्तीनं सैन्यात नेलं, तेवढ्यानं भागेना म्हणून डिसेंबर १९४१ मध्ये कायदा करून वीस ते तीस वयाच्या अविवाहित बायकांनाही युद्धसेवा सक्तीची केली. तिथं कारखान्याच्या दारात पुरुष नव्हता, म्हणून बाईला बोलावलं. आपल्याकडे काय होतं? हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लाख माणसं भरती झाली, तीही सक्तीशिवाय. आकडा प्रचंडच आहे, पण देशाची लोकसंख्या तेव्हा चाळीस कोटींच्या आसपास होती. परळच्या गिरणीच्या दारात सकाळी बदली कामगारांची रांग पहिल्यासारखीच उभी होती. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून माणसं येतच होती. पुरुष कमी पडला नाही, म्हणून गिरणीमालकाला बाईची नव्यानं गरज वाटली नाही. पुस्तकातलं वाक्य लंडनला लागू होतं ते परळला का लागू होत नाही, त्याचं मूळ इथं आहे.

पण एवढ्यानं पणजीचं काम का *सुटलं*, हे कळत नाही. ती तर आधीपासून आत होती. त्यासाठी पाळीचं गणित बघावं लागेल, आणि हे मी हातानं केलेलं असल्यामुळे जरा सविस्तर सांगते.

युद्धात मुंबईच्या गिरण्यांना सैन्याचं कापड, तंबूचं कापड यांच्या मोठ्या ऑर्डरी आल्या आणि रात्रपाळी जोरात सुरू झाली. १९३४ च्या कारखाना कायद्याप्रमाणे बायकांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कामाला लावता येत नसे. आता साळखातं, म्हणजे विणकामाचं खातं, रात्री चालवायचं तर मागाला सूत रात्रीही लागणार. म्हणजे वाइंडिंगही रात्री चालायला हवं. ते रात्री बाई करू शकत नाही, मग पुरुष ठेवला. एकदा रात्री पुरुष ठेवला की पुढच्या महिन्यात तो म्हणणार, मीच का कायम रात्री, पाळी फिरवा. पाळी फिरवायची तर दिवसाच्या जागेवरही पुरुषच हवा, कारण बाईशी त्याची अदलाबदल होऊ शकत नाही. अशा रीतीनं कोणीही 'बायका नकोत' असं न म्हणता एक खातं हळूहळू बायकांकडून पुरुषांकडे जातं. त्यात तिशीच्या दशकात वाइंडिंग-रीलिंगला जास्त वेगाची यंत्रं यायला लागली होती, तेवढ्याच सुताला कमी हात पुरत होते. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. चाळीसच्या दशकाअखेर ते प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. गिरण्या भरभराटीत असताना आणि एकूण कामगार वाढत असताना हे झालं. तुमची पणजी इतिहासाच्या बाहेर नाही, ती या आकड्याच्या आत आहे.

हे मी जवळून पाहिलं आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे बायकांची एक कॉइल वाइंडिंगची, म्हणजे बारीक तारेचे वेढे गुंडाळायची, लाइन होती. काम सुरेख, रिजेक्शन कमी. बाहेरदेशीची मोठी ऑर्डर आली आणि व्यवस्थापनानं तीन पाळ्या लावल्या. कारखाना कायद्याच्या कलम ६६ मुळे बायका रात्री येऊ शकत नव्हत्या. दोन वर्षांत ती लाइन पूर्ण पुरुषांची झाली. एकीलाही मी काढलं नाही. कोणाला पॅकिंगमध्ये टाकलं, कोणाची जागा निवृत्तीनंतर भरली नाही, कोणी बाळंतपणानंतर परत आली नाही. कागदावर सगळं नियमाप्रमाणे होतं. पण ज्या बायकांनी ते काम उभं केलं त्यांना पॅकिंगच्या टेबलावर बसलेलं बघताना मला जे वाटायचं ते आजही जात नाही.

रात्रपाळीची ती बंदी वाईटच होती असं मात्र तुमच्या प्रबंधात लिहू नका. त्या काळी बायका दिवसभर राबत होत्या आणि रात्री चाळीपर्यंत परतायची सुरक्षित सोय नव्हती. बंदीमागची कळकळ खरी होती. चूक एवढीच की बाईला रात्री घरी पाठवलं आणि तिच्या दिवसाच्या जागेची हमी कोणी घेतली नाही. आज तुमच्या ऐरोलीत रात्री दोन वाजता कंपन्यांच्या गाड्या मुलींना सोडायला फिरतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं संमती आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रीचं काम मोकळं केलं. सोय करून परवानगी देणं हा तिसरा रस्ता १९४३ मध्ये कोणाला सुचला नाही, किंवा सुचला तरी खर्च कोणाला करायचा नव्हता.

खर्चावरून तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. तुम्ही सहज लिहून गेलात की 'आजीचा जन्म १९४२ चा'. मला तुमच्या सगळ्या मजकुरात ही ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. म्हणजे पणजीचं काम सुटलं तेव्हा तिच्या पदरात वर्षभराचं मूल होतं.

मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा १९२९ मध्ये आला, देशात पहिला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनं उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात भार आला मालकावर. परिणाम काय होतो ते मी तुम्हाला आकड्यात सांगते. माझ्या काळात तीसच्या वर बायका कामावर असल्या की पाळणाघर बांधणं सक्तीचं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला कळेना की आमच्या कारखान्यातला बायकांचा आकडा तिसाच्या पुढे कधीच का सरकत नाही. एक निवृत्त झाली की एक भरायची, दोन कधीच नाहीत. कळलं तेव्हा मी पाळणाघराच्या खर्चाचा अंदाज काढून वर पाठवला. तो तीन वर्षं फाइलमध्ये पडला होता. लाभाचा खर्च फक्त मालकाच्या माथी मारला की मालक बाईच घेत नाही. १९२८ मध्ये बाबासाहेब जे बोलले त्याचा अर्थ मला असा १९८५ मध्ये वागळे इस्टेटमध्ये कळला.

आता परदेशातल्या त्या गोष्टीकडे जाऊ, कारण तीही वाटते तितकी सरळ नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत लाखो बायका गेल्या. टीएनटी हे स्फोटक हाताळून त्यांची कातडी पिवळी पडायची. डिसेंबर १९१६ मध्ये लीड्सजवळच्या बार्नबोच्या कारखान्यात स्फोट होऊन पस्तीस बायका मेल्या. पण त्यांना आत घेतलं कसं, ही खरी शिकण्याची गोष्ट आहे. कुशल फिटर-टर्नरचं एक काम फोडून त्याची दहा छोटी कामं केली. प्रत्येकीला एकच क्रिया शिकवली, भाग जागेवर पकडून ठेवणारी जिग-फिक्स्चर लावून दिली, यंत्र सेट करायला मात्र पुरुष ठेवला. मग पगाराच्या वेळी म्हणायचं, हिला सेटिंग कुठं येतं, हिचं काम निमकुशल. असा तक्ता मीसुद्धा बनवला आहे. कॉइल वाइंडिंगला मी 'सेमी-स्किल्ड' लिहिलं होतं, कारण व्यवस्थापनानं दिलेल्या नमुन्यात तसं होतं. केसापेक्षा बारीक तार न तोडता हजारो वेढे मोजून गुंडाळणाऱ्या हातांना मी निमकुशल ठरवलं. पुढे पुरुष आले तेव्हा त्याच कामाचा दर्जा वर गेला. त्या कागदावर माझी सही आहे.

याच्या उलट लंडनच्या बस-कंडक्टर बायका. तिकीट फाडणं फोडता येत नाही. तीच बस, तोच मार्ग, तेच पैसे गोळा करायचे. ऑगस्ट १९१८ मध्ये पुरुषांना युद्धभत्त्याची वाढ दिली आणि बायकांना नाकारली, तेव्हा त्यांनी संप केला. तो इतर शहरांतही पसरला आणि वाढ त्यांनी मिळवली. म्हणून मी नेहमी विचारते की काम तसंच राहिलं होतं की फोडलं होतं. समान पगाराची मागणी कुठं उभी राहू शकते, हे बरंचसं त्यावर ठरतं. संघटनेतल्या पुरुषांचीही यात बाजू होती, ती वगळू नका. स्वस्तातली बाई आली की आपला दर पडेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. काही जण त्या भीतीपोटी बायकांना अडवत, काही जण त्याच भीतीपोटी बायकांना पुरा दर द्या म्हणत. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये तिथं कायदाच झाला की कामाच्या युद्धापूर्वीच्या पद्धती पूर्ववत करायच्या. बायकांनी जागा सोडाव्यात हे गृहीतच होतं.

मुलांचं काय, याचं सर्वांत चांगलं उत्तर मला अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या कैसर जहाजगोदीत सापडतं. १९४३ मध्ये तिथं गोदीच्या दारातच पाळणाघरं बांधली. ती चोवीस तास चालत, आणि पाळी सुटल्यावर आई मुलाबरोबर शिजवलेलं जेवणही घरी नेऊ शकत असे. पाळणाघर चालवणाऱ्या प्रत्येकानं त्या जेवणाच्या डब्याचा विचार करावा. बाईची दुसरी पाळी कुठं सुरू होते, हे कोणीतरी ओळखलं होतं. युद्ध संपलं, ती पाळणाघरंही बंद झाली. बाईला घरी जा म्हणायची गरज उरली नाही, पाळणाघराला कुलूप लावलं तेवढं पुरलं.

हिंदुस्थानातही एक जागा अशी होती जिथं बाईला खास बोलावलं गेलं, आणि ती तुमच्या प्रबंधात हवीच. कोळशाच्या खाणी. जमिनीखाली बायकांनी काम करू नये म्हणून १९२९ पासून टप्प्याटप्प्यानं बंदी आली होती आणि तिसच्या दशकाअखेर ती पूर्ण झाली होती. युद्धात विमानतळ, रस्ते, छावण्या बांधायची लष्करी कामं निघाली, तिथं मजुरी बरी आणि उजेडात काम, म्हणून खाणीतले मजूर तिकडे गेले. कोळसा कमी पडला. रेल्वे आणि गिरण्या कोळशावर. मग १९४३ मध्ये सरकारनं बंदी उठवून बायकांना पुन्हा खाली उतरवलं. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते बाबासाहेब, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी आईच्या विश्रांतीसाठी बोलणारेच. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात यावर टीका झाली. टीका करणाऱ्यांत त्या कायदेमंडळाच्या सदस्य रेणुका राय होत्या, महिला संघटनांचाही विरोध होता. बाबासाहेबांनी हा निर्णय आणीबाणीपुरता असल्याचं सांगितलं आणि या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल ही गोष्ट ठासून मांडली. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी परत लागू झाली.

मला हा प्रसंग अनेक वर्षं छळतो आहे. समान मजुरीचं तत्त्व एका बाजूला, आणि ज्या बायकांकडे दुसरा पर्यायच नव्हता त्यांना काळोखात उतरवणं दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच आदेशात. कोणत्या बाजूला उभं राहायचं याचं माझं उत्तर खाणीच्या तोंडाशी असलेल्या परिस्थितीप्रमाणे बदलतं: वर काम मिळत होतं का, खाली हवा कशी होती, मूल कुठं होतं. तुम्हीही घाईनं निकाल देऊ नका. खाणीत खाली उतरण्याची मुभा आपल्या देशात बायकांना पुन्हा मिळाली ती २०१९ मध्ये, शांततेच्या काळात, तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांपुरती, लेखी संमतीच्या अटीवर. आणि युक्रेनमध्ये २०२२ नंतर खाणकामगार सैन्यात गेले तेव्हा बायका कोळशाच्या खाणीत खाली उतरायला लागल्या.

आता आक्का. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. विचार करा, लाखो कुटुंबांची माणशी नोंद, कार्डं, दुकानांचे हिशेब, तपासणी. हे खातंच आधी नव्हतं. आक्का कोणा पुरुषाच्या खुर्चीत बसली नव्हती, खुर्चीच नवीन होती. म्हणून 'तो परत आला, आता ऊठ' असं तिला म्हणायला कोणी नव्हतं. शिवाय युद्ध १९४५ मध्ये थांबलं तरी धान्याची टंचाई थांबली नाही. मधे नियंत्रणं उठवली, पुन्हा आणली, आणि रेशनिंग पन्नासच्या दशकातही चालूच राहिलं. तोवर आक्काची नोकरी जुनी झाली होती. तिच्याजवळ मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं, काम दिवसाचं होतं, ठाण्याहून जायला लोकल होती. पणजीजवळ यातलं काहीच नव्हतं. आक्काचं लग्न कधी झालं, झालं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते नक्की विचारा, कारण तिची नोकरी टिकण्यात त्याचाही वाटा असू शकतो.

आक्काच्या शेजारी १९४२ मध्ये निघालेलं विमेन्स ऑक्झिलरी कोअर ठेवून पाहा. सैन्याच्या कचेऱ्यांत टायपिंग, टेलिफोन, संदेश अशा कामांवर हजारो बायका गणवेशात होत्या. ते दल १९४७ मध्ये बरखास्त झालं. वैद्यकीय सेवा सोडली तर सैन्यात अधिकारी म्हणून बायकांना पुन्हा दार उघडलं १९९२ मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. दोन्हीकडे शिकलेल्या मुली, दोन्ही कामं कागदाची. एक दल युद्धासाठी होतं, ते युद्धाबरोबर मिटलं. दुसरं खातं भुकेसाठी होतं आणि भूक राहिली.

इथवरचं दोन ओळींत सांगायचं तर असं. माणसांची टंचाई असेल तर बाईला बोलावतात, नसेल तर रात्रपाळी आणि बाळंतपण तिच्या विरुद्ध मोजतात. दुसऱ्याच्या जागेवर घेतलेली बाई परत पाठवली जाते, नव्या कामावर घेतलेली टिकण्याची शक्यता जास्त.

मात्र मला तुमच्याशी ज्या एका शब्दावरून भांडायचं आहे तो आहे 'घरी बसली'. मी आजवर ज्या जुन्या गिरणीवाल्या बायकांशी बोलले त्यांच्यातली एकही घरी बसली नव्हती. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं कळव्याला, डोंबिवलीला, इकडे ठाण्यात आली. मी नोकरीला लागले तेव्हा गेटवर काम मागायला त्या घरांतल्या सुना यायच्या आणि त्यांच्याबरोबर सासवाही यायच्या. अर्जात 'पूर्वीचा अनुभव' या रकान्यात त्या 'काही नाही' लिहायला सांगत. बोलायला बसलं की कळायचं की सासूबाईंनी वीस वर्षं खानावळ चालवली आहे. एका खोलीत, एका शेगडीवर, पंधरा-पंधरा गडी जेवायचे. गावाहून एकटे आलेले पुरुष रात्रपाळीत वाढले की जेवणारे वाढणार, म्हणजे युद्धात या बायकांचं काम वाढलंच असणार. एका आजींनी मला सांगितलं की रेशनिंग आल्यावर गड्यांची कार्डं त्यांच्याकडे ठेवलेली असायची, कोणाचं किती धान्य आलं हे त्या काडीनं भिंतीवर रेघा मारून लक्षात ठेवत. त्यांना लिहिता येत नव्हतं. कारखान्याच्या भाषेत याला स्टोअर, हिशेब आणि कँटीन म्हणतात, आणि आमच्याकडे त्यासाठी तीन पगारी माणसं होती.

म्हणून आजीकडे जाताना 'पणजी काम करायची का' असं विचारू नका. उत्तर 'नाही' येईल. त्याऐवजी विचारा: सकाळी किती वाजता उठायची, चूल किती वेळा पेटायची, घरात बाहेरचं कोण जेवायचं, पैसे कोणाच्या हातात यायचे, आठवड्याचा बाजार कोण करायचं, गहाण काय पडलं होतं. गिरणीबद्दल विचाराल तेव्हा खात्याचं नाव, नायकिणीचं, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणीचं, नाव, पगार रोजावर होता की वजनावर, आणि काम सुटलं तेव्हा त्या जागेवर कोण आलं, हे विचारा. ती बाळंतपणानंतर परत गेली होती का, की परत गेल्यावर जागा नव्हती, या दोहोंत फार फरक आहे. वर मी पाळीचं जे गणित सांगितलं ते एकूण चित्राचं आहे. पणजीच्या बाबतीत पाळी, यंत्र, बाळंतपण की चौथंच काही, हे या उत्तरांवर ठरेल. आजी थकल्या असतील तर एका बैठकीत दोन-तीन प्रश्नांच्या पुढे जाऊ नका, आणि रेकॉर्डिंग चालू करण्याआधी त्यांना सांगा.

कागद शोधायचे तर ट्रंकेत जुनी रेशनकार्डं, गिरणीचा बिल्ला, बाळंतपणाच्या पैशाची पावती असं काही निघतं का बघा. मुंबई सरकारचं लेबर गॅझेट १९२१ पासून निघत होतं, त्यात खात्यांप्रमाणे बायकांची संख्या आणि मजुरी यांच्या पाहण्या आहेत. फोर्टातल्या राज्य पुराभिलेखागारात एक दिवस काढा. त्याआधी आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, जुनी मासिकं चाळा. जाहिरातीसुद्धा वाचा, 'पाहिजेत'च्या जाहिराती तर आधी.

आणि आजीला शेवटी एक विचारा, जपून विचारा. पणजी गिरणीत असताना तिला, म्हणजे वर्षभराच्या त्या मुलीला, कोण सांभाळायचं? गिरणीत पाळणाघर होतं का, शेजारीण बघायची का, की मोठी बहीण शाळा सोडून घरी राहिली होती? त्या काळी कित्येक आया कामाला जाताना मुलाला अफूची गोळी देऊन झोपवत आणि ते आठवताना म्हाताऱ्या बायका आजही तोंडावर पदर घेतात. आजीला स्वतःला ते दिवस आठवणार नाहीत, पण तिला तिच्या आईनं काय सांगितलं ते आठवत असेल. ते जसं सांगेल तसं, तिच्याच शब्दांत, उतरवून घ्या.